विद्यापीठाची खिडकी आणि तिच्या आतला माणूस

विद्यापीठ म्हटलं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं? मोठी इमारत, काळे झगे घातलेले विद्वान, पदवीदान समारंभ, ग्रंथांनी भरलेली कपाटं. हे सगळं खरं आहे. पण खेड्यातल्या माणसाची आणि विद्यापीठाची गाठ पडते ती या ठिकाणी नव्हे. ती पडते एका खिडकीपाशी. किनवटकडचा एखादा शेतकरी पहाटेची गाडी धरून नांदेडला उतरतो, तिथून विष्णुपुरीला जातो, आणि लेकराची गुणपत्रिका हातात धरून खिडकीपुढं उभा राहतो. खिडकीच्या आत एक माणूस बसलेला असतो. त्या शेतकऱ्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे तो माणूस. कुलगुरू कोण आहेत हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही.

आज मला बोलायचं आहे ते या आतल्या माणसाच्या शिक्षणाविषयी. आता तुम्ही म्हणाल, विद्यापीठ हे शिकवण्याचं घर. तिथल्या माणसांना आणखी काय शिकवायचं? प्रश्न बरोबर आहे, आणि गंमत अशी, की जगाला शिकवणाऱ्या या घरात आपल्याच माणसांना शिकवायचं राहून गेलं.

आधी एक साधं उदाहरण घेऊ. आपल्याकडं ज्ञानोबा, ज्ञानेश्वर ही नावं गावोगाव आहेत. हे नाव इंग्रजीत लिहायचं तर पहिलं अक्षर कोणतं? कोणी डी घालतो, कोणी जी, तर कोणी जे. शाळेत गुरुजींनी एका तऱ्हेनं लिहिलं, आधार कार्ड काढताना दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं, आणि कॉलेजात अर्ज भरणाऱ्यानं तिसरी तऱ्हा शोधून काढली. तीन वर्षं काही बिघडत नाही. पोरगं पास होतं, नोकरीची मुलाखत देतं, आणि कागद तपासण्याच्या दिवशी साहेब म्हणतात, दहावीच्या सनदेवरचा हा आणि पदवीवरचा हा एकच माणूस कशावरून? मग बापाची धावपळ सुरू होते. एका खेपेला मजुरीचा दिवस बुडतो, गाडीभाडं जातं. खिडकीतल्या माणसानं पहिल्याच खेपेला, "मामा, हा अर्ज, ही फी, सोबत सनदेची प्रत आणि प्राचार्यांचं पत्र लागेल, पत्र आणलं नसेल तर आज अर्ज देऊ नका, परत येईल," एवढं सांगितलं, तर काम दोन खेपांत होतं. आणि तोच माणूस नवखा असला, त्यालाच नियम माहीत नसला, तर तो काय म्हणतो? "उद्या या." हे "उद्या या" पुष्कळदा उर्मटपणातून येत नाही, न कळण्यातून येतं. आपण मात्र त्याला उर्मट म्हणून मोकळे होतो.

ही अडचण आजची नाही. आपल्या मराठवाड्यात तिला एक इतिहास आहे, तो थोडा सांगतो. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं. त्याचं माध्यम उर्दू. राज्याचा कारभारही उर्दूतून चाले. कारकुनाला अहलकार म्हणत, आणि अहलकार व्हायचं तर उर्दू लिहिता आली पाहिजे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी मिसल, तख्ता, दरख्वास्त हे शब्द अजून येतात, ते तिथूनच. १९४८ साली संस्थान मुक्त झालं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्यामागची प्रेरणा स्वामी रामानंद तीर्थांची. पण हे कॉलेज आणि त्या वेळची मराठवाड्यातली इतर कॉलेजं जोडलेली होती उस्मानियालाच. परीक्षेचा कागद हैदराबादला जायचा आणि निकाल हैदराबादहून यायचा.

मग १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू नेमले ते श्री. डोंगरकेरी. हे गृहस्थ मुंबई विद्यापीठाचे अनेक वर्षं कुलसचिव होते. म्हणजे कचेरीचं काम त्यांना आतून बाहेरून ठाऊक होतं. माझ्या मते ही निवड फार शहाणपणाची होती. नव्या विद्यापीठाला पंडित तर पाहिजेतच. पण परीक्षेचा अर्ज कुठून येतो, कुठं जातो, आणि कुठं अडतो हे जाणणारा माणूस पहिल्यांदा पाहिजे. एका रीतीत वाढलेल्या कचेऱ्यांना दुसऱ्या रीतीत आणणं म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. भाषा वेगळी, टिपणी लिहिण्याची पद्धत वेगळी, हिशेबाचे नमुने वेगळे.

नांदेडचं विद्यापीठ त्यानंतर छत्तीस वर्षांनी आलं. १७ सप्टेंबर १९९४, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते संस्थापक प्राचार्य. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे या विद्यापीठाकडं आले. पुढं १९९९ साली परभणीतून हिंगोली वेगळा झाला, म्हणून आज आपण चार जिल्हे म्हणतो. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. हे उपकेंद्र झाल्यावर निलंगा-औसा भागातल्या लोकांची नांदेडची खेप थोडी वाचली. पण उपकेंद्राची इमारत झाली म्हणजे खेप वाचते असं नाही. तिथं बसलेल्या माणसाला काम माहीत असेल आणि ते करण्याचा अधिकार असेल, तर वाचते, नाहीतर तो म्हणणार, "नांदेडला जा."

कचेरीतलं ज्ञान कसं नाहीसं होतं याचा एक दाखला नुकताच सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातले जुने दस्त बाहेर काढले, तर कोणते उर्दूत तर कोणते मोडीत. कागद होते, कपाटं होती; वाचणारी माणसं मात्र शोधून आणावी लागली. ज्या कचेरीत एके काळी प्रत्येक अहलकार ती लिपी डोळे मिटून लिहीत होता, तिथं दोन-तीन पिढ्यांत ती अक्षरं ओळखणारं कोणी उरलं नाही. एवढी मोठी गोष्ट जर विसरली जाते, तर एका मेजावरची लहान लहान कसबं किती विसरली जात असतील? तीस वर्षं परीक्षा विभागात घालवलेला माणूस ज्या दिवशी हार-तुरे घेऊन घरी जातो, त्या दिवशी त्याच्याबरोबर न लिहिलेला एक ग्रंथच निघून जातो. त्याच्या जागी येणाऱ्या पोराला मिळतं काय? खुर्ची, किल्ल्यांचा जुडगा आणि फायलींचा ढीग.

आपल्याकडं कारकून शिकतो तो शेजारी बसून. नवा माणूस जुन्या माणसाजवळ बसतो, चहा सांगतो, लिफाफ्यांवर पत्ते लिहितो, आणि बघता बघता शिकतो. ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सुतार, लोहार, गवंडी असेच शिकत आले. रंधा कसा धरावा हे पुस्तकात वाचून येत नाही. पण सुताराच्या पोरानं लाकूड बिघडवलं तर ते त्याच संध्याकाळी दिसतं. कारकुनाच्या हातून नाव चुकलं तर ते पाच वर्षांनी दिसतं, आणि दिसतं ते दुसऱ्याच्या घरी. शिवाय शेजारचा जुना माणूस जे बरोबर करतो तेही शिकवतो आणि जे चूक करतो तेही शिकवतो. एखाद्या मेजावर वीस वर्षं चूक नमुना वापरात असला तर तोच नियम होऊन बसतो. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पहिल्यापासून असंच आहे."

प्राध्यापकांच्या बाबतीत सरकारनं हा विचार पूर्वीच केला. १९८६ साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, आणि पुढच्याच वर्षी, १९८७ साली, विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना काढली. नवीन लागलेल्या प्राध्यापकानं काही आठवडे तिथं राहायचं, शिकवायचं कसं ते शिकायचं, पुढं आपल्या विषयाची उजळणी करायची. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असं एक केंद्र निघालं. मराठवाड्यातले कितीतरी प्राध्यापक तिथं जाऊन आले. पुढं या केंद्रांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं, आणि २०२३ पासून मालवीय मिशनचं नाव लागलं. नावं बदलत राहिली, तरी काम चालू राहिलं, कारण त्याला एक खुंटी होती: हे वर्ग केल्याशिवाय प्राध्यापकाची पुढची वेतनश्रेणी अडायची. मी स्वतः प्राध्यापक आहे, म्हणून मोकळेपणानं सांगतो, की आमच्यापैकी कित्येक जण विद्येच्या ओढीनं नव्हे, तर त्या खुंटीमुळं गेले. पण गेल्यावर काही ना काही घेऊन आले, हेही खरं.

कारकून, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातला सहायक, वसतिगृहाचा अधीक्षक, शिपाई, वाहनचालक यांच्यासाठी अशी खुंटी नव्हती. भरतीच्या वेळी टंकलेखनाची परीक्षा पाहिली जाते. मिनिटाला मराठीचे तीस किंवा इंग्रजीचे चाळीस शब्द. पुढं संगणक आला तेव्हा एमएससीआयटीचं प्रमाणपत्र मागू लागले. ते देणारं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघालं, आणि त्यानं खेड्यापाड्यांतल्या लाखो माणसांचा हात संगणकाला लावला, हे उपकार मोठे. पण बोटं चालणं वेगळं आणि काम कळणं वेगळं. मिनिटाला तीस शब्द टाइप करणाऱ्याला कोणते तीस शब्द टाइप करायचे हे कुठं शिकवलं?

राज्य सरकारच्या माणसांसाठी पुण्याला यशदा ही संस्था आहे, आणि २०११ साली सरकारनं प्रशिक्षणाचं धोरणही ठरवलं. केंद्रानं २०२० साली मिशन कर्मयोगी काढलं. त्यात माणूस आपल्या जागेवर बसून संगणकावर धडे घेऊ शकतो. विद्यापीठं मात्र स्वायत्त. स्वायत्त म्हणजे आपलं आपण बघायचं, आणि आपलं आपण बघायचं म्हटलं की पहिली कात्री प्रशिक्षणाच्या पैशाला लागते.

आता या माणसाला शिकायचं तरी काय, ते पाहू. यादी मोठी आहे. मी चार-पाच गोष्टींवरच थांबतो.

पहिली गोष्ट दप्तराची. सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची एक जुनी पद्धत आहे. मेजावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: ज्यांवर आज काम करायचं ते, ज्यांचं उत्तर यायचं आहे ते, ठराविक मुदतीनं पाठवायचे ते, कायम हाताशी लागणारे आदेश, दप्तरखान्यात जायचे ते, आणि नष्ट करायचे ते. कागदांचेही वर्ग ठरलेले असतात. अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा तीस वर्षं, आणि ड वर्गाचा एका वर्षानं फाडायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण विद्यापीठात पंचवीस वर्षांपूर्वी पास झालेली बाई आज अंगणवाडीच्या बढतीसाठी गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मागायला आली, तर ती अर्ध्या तासात मिळते की अर्ध्या वर्षात, हे गठ्ठे कसे बांधले होते यावर अवलंबून असतं. ही पद्धत दोन दिवसांत शिकवून होते. अट एकच: शिकवणाऱ्यानं व्याख्यान देऊ नये, खरं कपाट उघडावं.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. संगणक आल्यावर आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा निरनिराळ्या अक्षरसंचांत मराठी लिहू लागलो. एका संगणकावर लिहिलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसायच्या. युनिकोड आल्यावर ही अडचण संपायला हवी होती. कारण युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी कुठंही उघडतं आणि त्यात नाव शोधताही येतं. तरी अजून कित्येक मेजांवर जुनी सवय चालू आहे, का तर बोटांना ती कळपाटी पाठ झाली आहे. बोटांची सवय मोडायला पंधरा दिवस हात धरून शिकवावं लागतं. परिपत्रकानं बोटं ऐकत नाहीत.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात लिहिलं आहे, की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत लावावा. हे खिडकीतल्या माणसाला माहीत पाहिजे, आणि श्रोतेहो, तुम्हालाही माहीत पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. त्याहून नाजूक गोष्ट अपंग विद्यार्थ्यांची. दृष्टिहीन मुलाला लेखनिक घेण्याचा आणि ताशी निदान वीस मिनिटं जादा वेळ मिळण्याचा हक्क आहे. समजा, मुखेडकडच्या एका अंध मुलीला परीक्षेच्या सकाळी केंद्रावरचा कारकून म्हणाला, "लेखनिकाचं मला काही सांगितलेलं नाही, वर विचारावं लागेल." तो विचारून येईपर्यंत पाऊण तास जातो. मुलगी हुशार आहे, लेखनिक दारात उभा आहे, कायदा तिच्या बाजूनं आहे, आणि तरी तिचं वर्ष धोक्यात. का, तर एका माणसाला अर्ध्या तासाची एक सूचना कोणी दिली नाही. कायदे मुंबई-दिल्लीत होतात, पण ते अमलात येतात केंद्रावरच्या त्या टेबलापाशी.

प्रयोगशाळेतल्या परिचराविषयी फारसं कोणी बोलत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गंधकाम्ल पातळ करायचं असतं तेव्हा आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात ओतायचं नाही. उलट केलं तर उकळी फुटून आम्ल तोंडावर उडतं. हे बी.एस्सी.च्या मुलाला पुस्तकात सांगितलेलं असतं. पण रोज सकाळी मुलं येण्याआधी बाटल्या भरून ठेवणारा जो माणूस, त्याला ते कोणी सांगितलं? तो बहुधा दहावी-बारावी झालेला, बाटलीवरचं नाव अक्षरं जुळवून वाचणारा. त्याला शिकवायला पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ नको. त्याच विभागातल्या प्राध्यापकानं उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस द्यावेत, हातमोजे घालायला लावावेत, डोळे धुण्याची जागा दाखवावी. आमच्या प्राध्यापकवर्गाला हे काम कमीपणाचं वाटतं, हे मला नीट माहीत आहे. ते वाटू नये.

आणि बोलणं. खिडकीवर येणारा माणूस एकाच बोलीचा नसतो. किनवट-माहूरकडून गोंडी किंवा बंजारा बोलणारा येतो, देगलूर-बिलोलीकडच्या माणसाच्या बोलण्यात तेलुगू-कन्नडची झाक असते, नांदेड शहरात उर्दू आहे, पंजाबी आहे. कारकुनाला सगळ्या भाषा आल्या पाहिजेत असं कोण म्हणेल? पण माणसाला बसायला सांगावं, कागद हातात घेऊन पाहावा, काय कमी आहे ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं, हे सगळ्याच भाषांत समजतं. "मावशी, हे पोराला दाखवा," म्हणून दिलेली चिठ्ठी दहा मिनिटांच्या बोलण्याहून अधिक उपयोगी पडते.

शिकवण्याआधी यंत्र आणलं म्हणजे काय होतं, याचा धडा २०१७ साली मुंबई विद्यापीठात मिळाला. त्या वर्षी ठरलं, की उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना चांगली होती. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत. पण ती आणली परीक्षा तोंडावर आल्यावर. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. प्राध्यापकांना पडद्यावर तपासण्याचा सराव नाही, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, यंत्रणा वारंवार बंद पडली. निकाल महिनोन्‌महिने लांबले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. दोष एकट्या प्रशिक्षणाच्या अभावाचा होता असं नाही, घाई आणि नियोजनही त्यात होतं. पण बैल कितीही उमदा असला तरी जुपायचा सराव न देता त्याला एकदम भरल्या गाडीला जुंपणारा शेतकरी आपण पाहिला आहे का? पदवीधर माणसं मात्र तसं करतात.

आजची भरली गाडी आहे नव्या धोरणाची. २०२० चं राष्ट्रीय धोरण आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत टप्प्याटप्प्यानं आलं. आता विषयांचे श्रेयांक मोजतात. विद्यार्थ्यानं मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून निघालेल्या श्रेयांकांच्या बँकेत जमा होतात. मुलानं मध्येच शिक्षण सोडलं तरी ते बुडत नाहीत, दुसऱ्या विद्यापीठात गेलं तरी बरोबर नेता येतात. खेड्यातल्या मुलीच्या दृष्टीनं ही सोय सोन्यासारखी आहे. लग्न झालं, गाव बदललं, तरी शिकलेलं वाया जात नाही. पण खातं उघडायला आधारवरचं नाव आणि विद्यापीठातलं नाव जुळावं लागतं. म्हणजे फिरून आपण त्या ज्ञानोबापाशी आलो! पूर्वी नावाच्या चुकीनं एक कागद अडायचा; आता सगळं खातंच अडतं.

आणि नाव लिहितो कोण? विद्यापीठातला कारकून नव्हे, तर तालुक्याच्या कॉलेजातला. ही गोष्ट प्रशिक्षणाच्या सगळ्या बेतांत विसरली जाते. विद्यापीठाच्या सभागृहात कार्यशाळा होते, पाहुणे येतात, प्रमाणपत्र मिळतं, छायाचित्र निघतं. तिकडं उदगीर-अहमदपूरकडच्या एखाद्या लहान कॉलेजात एकच कारकून प्रवेशही बघतो, परीक्षेचे अर्जही भरतो, पगारपत्रकही करतो, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्जही पुढं पाठवतो. त्यानं संगणकावर अर्ज मुदतीत पुढं ढकलला नाही, तर मुलाची शिष्यवृत्ती तिथंच अडते. दिल्ली-मुंबईत कितीही पैसा मंजूर असो. या माणसाला नांदेडला दोन दिवस बोलावलं, तर कॉलेजचं काम बंद पडतं. म्हणून शिक्षणच त्याच्याकडं गेलं पाहिजे. पाच-सहा कॉलेजं मिळून एका ठिकाणी, अर्ज भरण्याचा हंगाम सुरू होण्याच्या आधी महिनाभर, आणि खऱ्या अर्जांवर. आपण पेरणीचं शिक्षण मृगाच्या आधी देतो, सुगीत देत नाही.

दुसरी विसरलेली माणसं म्हणजे कंत्राटी कर्मचारी. बऱ्याच जागा भरलेल्या नाहीत, म्हणून अकरा महिन्यांच्या बोलीवर पोरं घेतात. संगणकाचं काम बहुधा त्यांच्याच हातात असतं, कारण ती तरुण असतात. पण प्रशिक्षणाला पाठवायचं म्हटलं की साहेब म्हणतात, "तो काय, उद्या जाईल." उद्या जाईल हे खरं; पण आज तीन हजार मुलांचे गुण तोच भरतो आहे. आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कर्मचाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळा दोष त्यांच्या माथी मारल्यासारखं होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, पुढं संप केला. सुधारित आश्वासित प्रगती योजना, सातव्या वेतन आयोगातले राहून गेलेले लाभ, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्या माणसाची बढती वर्षानुवर्षं लटकलेली आहे त्याला आपण म्हणणार, ये, नवं शीक. तो विचारणार, शिकून मला काय मिळेल? हा प्रश्न हावरटपणाचा नाही. माझं म्हणणं असं, की प्राध्यापकांना जशी खुंटी आहे तशी इथंही ठेवावी: शिकलेल्या कामाची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि बढतीच्या वेळी ती मोजली जावी. नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्राला किंमत देऊ नये. मेजावर काम करून दाखवलं तर द्यावी.

निवृत्तीचंही असंच करता येईल. जो जाणार आहे त्याच्याबरोबर शेवटचे सहा महिने येणारा माणूस बसवावा, आणि दोघांनी मिळून त्या मेजाची वही लिहावी: कोणतं काम कोणत्या महिन्यात येतं, कोणता नियम लागतो, कुठं चूक होते, कोणाला विचारायचं. शंभर पानी वही पुरते. तिला खर्च नाही, पाहुणे नाहीत, उद्घाटन नाही. कदाचित म्हणूनच ती लिहिली जात नाही.

हे ऐकणाऱ्या शाळामास्तरांना आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांना एक काम सांगतो. त्याला कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको. दहावीचे अर्ज बोर्डाकडं जाण्यापूर्वी आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत एका यादीत लिहा, आधार कार्डाशी ताडून पाहा, आणि मुलाकडून व त्याच्या आईबापाकडून सही घ्या. आई लिहिता-वाचता नसेल तर नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवा. वडिलांचं नाव चुकलं असेल तर बाई बरोबर ओळखते. फरक सापडला तर आधारवर दुरुस्त करायचं की अर्जावर, हे तिथंच ठरवा. यादी आठ दिवस फळ्याशेजारी लावून ठेवा. फक्त नावंच लावा, आधारचे आकडे भिंतीवर लावू नका.